इंजिनियर दादा आणि विहिरीवरची मोटर

दादा जाऊन महिना झाला. जो भेटायला येतो तो म्हणतो, केवढा हुशार इंजिनियर गेला. आता या इंजिनियरचं ऐका.

आष्टीला मुलगी बघायला गेला होता. मुलीचे वडील म्हणाले, "पाव्हणे, तुम्ही इंजिनियर. आमची विहिरीवरची मोटर सुरू होईना, बघा बरं जरा."

दादा कॉम्प्युटरवाला. तरी ऐटीत गेला आणि लिंबाच्या झाडाआडून मला फोन केला, "बाळ्या, जल्दी सांग, न्हाई तर सोयरीक गेली."

"स्टार्टरचं लाल बटण दाब, मंग हिरवं."

पाणी आलं. सोयरीक जमली.

घरी आल्यावर मी म्हणालो, "सातवी नापासाला विचारून राह्यला, मंग इंजिनियर झाला कशाला?"

"तुझ्यासारखं हाताला काही येत असतं, तर कशाला झालो असतो रे?"