मुख्याध्यापकाची झांज

हसू नका, पण मुख्याध्यापक झालो आणि माझी झांज गेली. आमच्या पार्से गावच्या देवळात दर सोमवारी भजन असतं. वीस वर्षं मी दामूच्या पखवाजाशेजारी बसून झांज वाजवायचो. बढतीनंतरच्या पहिल्याच सोमवारी झांजेला हात घातला, तर दामूने हातात नारळ दिला, खांद्यावर शाल घातली आणि मला समोर खुर्चीवर बसवलं. सगळे खाली, मी एकटा वर. टाळ्या वाजवू की हात जोडू, कळेना.

भजन संपल्यावर त्याला गाठलं. "दामू, मी ताल चुकतो म्हणून उठवलंस काय रे?"

"छे छे, सर! तुम्ही कधी चुकलात?"

अहो, गेल्याच सोमवारी हाच दामू सगळ्यांदेखत ओरडलेला, "रेड्या, ताल सांभाळ!"

आता मला रेड्या कोण म्हणणार?