एम्मेट हॅगर्टी यांची वीस काडतुसे

मी, मार्व्हा टोलेफसन, वय ६१, धंदा खोगीर दुरुस्ती, राहणार मिल रोड, टिंबर क्रीक, मोंटाना, शेरीफ कार्यालयात समक्ष हजर राहून सांगते की,

तक्रारदार एम्मेट हॅगर्टी यांना मी ओळखते. त्यांचा गुरांचा धंदा आहे. आम्ही एकाच नेमबाजी क्लबात जातो. दोघेही रायफलची काडतुसे घरीच भरतो. ते विधुर आहेत. मी विधवा आहे.

त्यांची वीस काडतुसांची पेटी शनिवारी क्लबाच्या बाकावरून मीच उचलली. मागितली असती तर त्यांनी दिली नसती.

एम्मेट काडतुसांत वडिलांच्या वेळच्याच जातीची बंदुकीची दारू भरतात. ती उन्हात तापली की गोळी जोरात जाते, गारठ्यात मंदावते. जुलैत नेम बसवून नोव्हेंबरच्या बर्फात एल्क हरीण मारायला गेले, तर गोळी खाली लागणारच. गेल्या वर्षी तशीच लागली. जखमी जनावर शोधत ते एकटेच डोंगरावर राहिले. बर्फ पडत होता. तेव्हा मी कोठे होते, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या फाटकाशी, गाडीत बसून.

माझ्या दारूला ऊन-थंडीने फारसा फरक पडत नाही. हे त्यांना अनेकदा सांगितले. "हवेचं काही नसतं गं, माझाच हात हलला," असे ते म्हणत. त्यांनी मला दोनदा लग्नाचे विचारले आहे. "दारू बदलत नाहीस, दुसरं काय बदलणार?" असे मी दोन्ही वेळा म्हणाले.

त्यांची निम्मी काडतुसे मी फ्रीझरमध्ये ठेवली, निम्मी उन्हात, गाडीच्या काचेमागे. माझीही तशीच ठेवली. रविवारी सगळी एकाच कागदावर झाडली, त्यांची एका खुणेवर, माझी दुसऱ्या. माझी गरम-गार सगळी छिद्रे तळहाताखाली झाकली जातात. त्यांच्या छिद्रांचे दोन झुबके झाले, एकाखाली एक, मध्ये वीतभर अंतर. कागद सोबत जोडला आहे.

यावर जबाब लिहून घेणारे डेप्युटी कॅल्डर यांनी पेन खाली ठेवून विचारले, "दुसऱ्यानं भरलेली काडतुसं तुम्ही तुमच्या बंदुकीत घातलीत?"

आमच्यात तसे कोणी करत नाही. भरणाऱ्याचा हात चुकला तर बंदूक तोंडावर फुटते. मी हो म्हणाले.

एम्मेट शेजारीच बसले होते. ते उठून उभे राहिले. "वेड लागलंय का तुला?"

"वेड कसलं? तुझा हात ठाऊक आहे मला. भरतोस छान. दारू तेवढी भिकार."

त्यांनी कागद हातात घेतला. दोन झुबक्यांवर बोट ठेवले, मग माझ्या छिद्रांवर.

"कुठली आणू?" त्यांनी विचारले.

"माझ्याकडे आहे. दोघांना पुरेल."

डेप्युटी हसले. त्याची नोंद नको, असे ते म्हणाले. मी हवी म्हणाले. तक्रार मागे घेण्यात आली आहे.

माझा वर लिहिलेला पत्ता सप्टेंबरअखेरपर्यंत बरोबर आहे. त्यानंतर तक्रारदाराचाच पत्ता लिहावा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटचे वाक्य एम्मेट यांनी पुन्हा वाचायला लावले. पुन्हा वाचले. ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.

सही: मार्व्हा टोलेफसन