माळ्यावरची पाचवी

न्हाई न्हाई सायेब, शाळा बंद कशापायी असंल? भरतीया की — दाराला कुलूप हाय ते वांदरं आत शिरत्यात म्हनून. मास्तर? असतील हितंच कुठंतरी. आनि पोरं तापानं पडल्यात, समदीच्या समदी — बसा हो, सावलीला बसा. शाळा तपासाय सुप्यास्नं येवढं रान तुडवत आलासा, ही आंबील घ्या. दिपोटीसायेब ह्या फुलाच्या बांधावर बसून आंबील प्याला म्हनून सांगीन शेजारच्या केशरवैनीला, जळंल बाई. कोन? ती व्हय? भाताच्या राखनीच्या माळ्यावर बसलीया ती माझी गिरजा. पाचवीत हाय. व्हय, तिला बी तापच हाय — आं? ताप आलेली पोर माळ्यावर कशी चढली? लई हुशार हायसा तुमी. बरं, सांगते. पन मास्तरांचं नाव लिवायचं न्हाई.

भात पिकलं की पोरांनी माळ्यावर बसून वांदरं हाकायची, आमच्या आज्यापास्नं असंच. तवर शाळंत कुत्रं फिरकत न्हाई. मास्तर दारोदार फिरले, हात जोडले — कोन ऐकतंय? म्यां तर तोंडावर म्हनलं, मास्तर, वांदरं काय तुमी हाकनार? तर गालातल्या गालात हासले, आनि दुसऱ्या दिवशी कपाटातली गोष्टीची पुस्तकं पोत्यात घालून माळ्यामाळ्यावर वाटत सुटले! व्हय, सरकारीच पुस्तकं. कपाट मोकळं झालं म्हनून तर कुलूप — अगं बाई, हे बी सांगितलं व्हय मी?

आता ऐका तरी. पोरांस्नी म्हनाले, हाड हाड करून घसा कशाला फोडतासा? त्यापरीस पुस्तक मोठ्यानं वाचा. मी काय इचारनार न्हाई, पाठ घेनार न्हाई. आवडलं न्हाई तर शेजारच्या माळ्यावर बदलून घ्या. आनि सायेब, हितनं राजा बोलतोय, तिकडनं राक्षस वरडतोय — वांदरं येडी झाली! शाळंत मास्तर म्हनतील तेवढंच घोकनारी ही पोरं, आता बांधाबांधानं पळत्यात — तुझं झालं का, दे की मला. मी बी खुरपं घिऊन माळ्याखालीच बसायची. गवत? गवत कुठलं वो, ते कवाच काढलेलं. पन त्या गोष्टीत सावत्र आईनं पोरीला रानात सोडलीया, पुढं काय झालं ह्येचा घोर मला.

पन परवा घात झाला. कार्टी मनातल्या मनात वाचाय लागली! तोंडातनं शबुद न्हाई. वांदरांस्नी काय कळनार, पोरीच्या डोक्यात राजा बोलतोय ते? उतरलीच की भातात. मी वरडले, गिरजे, मोठ्यानं वाच! तर म्हनती कशी — आये, मोठ्यानं वाचलं की मला ऐकू येत न्हाई. बगा! ह्येला काय म्हनावं? तवापास्नं वांदरं हाकाय डबा मीच बडवतीया, आनि गोष्ट तिनं सांजच्याला सांगितली तर सांगितली.

खाली बोलवून परीक्षा घेनार? मारा हाक. मारा की... बगितलंसा? मास्तर नजरंआड, आई खाली, दिपोटी म्होरं उभा — मान सुदीक वर न्हाई. आं? पुस्तकं गोळा करून न्हेनार? आनि मास्तरांची बदली? न्हाई वो सायेब, माझ्या तोंडाला काय, ते बडबडतंय. तुमच्या पाया पडते. पोर आपली आपन वाचतीया, कुनी न सांगता — मला तर एक अक्षर येत न्हाई, पन तिच्याकडं बगून ऊर कसा भरून येतो. ते तेवढं मोडू नगासा.

अगं बया, वांदरं उतरली! घ्या, हा डबा घ्या — बोलत काय बसलासा, बडवा! हां, असं — अहो, हळू! येवढ्या जोरात? पोर वाचतीया न्हवं. ऱ्हाऊ द्या. ठेवा तो डबा खाली. खाऊ द्यात दोन लोंब्या. आता गप बसा — पान उलटतीया ती.