रंगूबाईंची गोळी

रंगूबाई : दार लाव आधी. बॅग ठेव खाली. आता सांग, ही पुडी कसली?

दर्शना : ही... ही तुझ्याकडं कशी आली, आई?

रंगूबाई : भरतच्या जीपनं. महाडच्या मेडिकलातून राजेशनं धाडली. भरत कापड्याच्या नाक्यावर सगळ्यांसमोर आरडतो, "काकी, तुमचं औषध!" मला वाटलं, बीपीची गोळी. चष्मा नव्हता, म्हणून चांगूच्या सुनंकडं दिली वाचायला.

दर्शना : तिच्याकडंच?

रंगूबाई : ती मुंबईत राहून आलेली. दात काढत म्हणते, "काकी, ही तर पोर राहू नये म्हणून घ्यायची गोळी." चार बाया उभ्या व्हत्या. तुझा बाप मुंबईहून गणपतीला येऊन गेला तो अजून फिरकला नाय, नि आता शिमगा तोंडावर आला. कळतंय का, काय अर्थ झाला त्याचा?

दर्शना : मला वाटलं, जीप यायच्या आधी मी घरी पोचेन...

रंगूबाई : म्हंजे तुझी हाय.

दर्शना : माझी हाय.

रंगूबाई : लाज नाय वाटत?

दर्शना : तुझं नाव घेतलं, त्याची वाटते. गोळीची नाय वाटत. आधी दवाखान्यातच गेले होते. खिडकीवरच्या बाईनं तोंडाकडं नाय, गळ्याकडं बघितलं. "लग्न झालंय का?" नाय म्हटल्यावर मोठ्यानं म्हणाली, "मग तुला गं कशाला हवी?" अख्खी रांग वळली. मग राजेशकाकांकडं गेले. तर ते म्हणे, गावातल्या कुमारी पोरीला असलं देत नाय, उद्या तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, आईसाठी हवी आहे. लगेच म्हणाले, मग तू जा कॉलेजात, काकींना गोळी जीपवर धाडतो.

रंगूबाई : गावचं औषध जीपवरच येतं, नाक्यावर चार माणसांसमोर हातात पडतं. एवढं पण ध्यानात नाय आलं?

दर्शना : नाय आलं. घाबरले होते.

रंगूबाई : कोण तो?

दर्शना : ओम. माझ्या वर्गातला, नाते गावचा.

रंगूबाई : फसवलं तुला?

दर्शना : कुणी नाय फसवलं. मी माझ्या मनानं गेले. त्याला म्हटलं होतं, निरोध घेऊन ये. मेडिकलसमोर त्याच्या मामाची वडापावची गाडी. मामा बघेल म्हणून हा शूर गडी आत शिरलाच नाय. तरी मी ऐकून घेतलं, ती माझी चूक. पुढच्या वेळी नाय ऐकणार.

रंगूबाई : पुढच्या वेळी! वर तोंड करून सांगते! बस झालं तुझं कॉलेज. शिमग्याला बाप आला की स्थळं बघायची.

दर्शना : बघ. मारायचं तर मार. पण आधी गोळी दे.

रंगूबाई : पाप हाय ते. पोटातलं मारायचं.

दर्शना : पोटात काय नाय अजून. राहू नये म्हणून तर ही. कॉलेजात डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी नीट समजावलंय. जितका उशीर, तितका गुण कमी. तू भांडत बसलीस, तर खरंच पाडायची वेळ येईल. एकवीस वर्षांची हाय मी. सरपंच निवडायला मोठी, आणि माझ्या अंगाचं माझं बघायला लहान?

(रंगूबाईनं पुडी मुठीत इतकी आवळलेली, की कागद ओला झालाय. मग उठते, माठातलं पाणी आणते आणि पुडीसकट पेला लेकीपुढं आदळते. रागानं की भीतीनं, ते तिचं तिला सांगता यायचं नाही.)

रंगूबाई : गिळ. मग भात वाढते.

दर्शना : ...गिळली. आता मी नाक्यावर जाते. सांगते त्या बायांना, माझी होती म्हणून.

रंगूबाई : बस खाली. मी सांगून आलेय.

दर्शना : काय सांगितलंस?

रंगूबाई : म्हटलं, व्हय, माझीच हाय. पुढं? चांगूच्या सुनंचं तोंड बघायला पायजे व्हतंस तू.

दर्शना : म्हणजे तुला तिथंच कळलं होतं?

रंगूबाई : घरात बाया दोन. मी मागवली नाय. मंग कुणी मागवली, ते काय पंचांगात बघायचं?

दर्शना : आणि बाबा?

रंगूबाई : त्याच्या कानावर गेलं पण. मगाधरनं फोन वाजतोय. उचलून काय सांगू? तुझं नाव सांगितलं तर तुझं कॉलेज गेलं, नाय सांगितलं तर माझा संसार.

दर्शना : परत वाजतोय. दे इकडं.

रंगूबाई : नको गो! मी घेईन ऐकून. सवय हाय मला.

दर्शना : ती सवयच नको. दे... हॅलो, बाबा? आई नाय, दर्शना बोलतेय. ती गोळी माझी होती... हो, माझीच. आईचं नाव मी खोटं सांगितलं... ओरडा, ऐकतेय मी. पण आईला एक शब्द बोलायचा नाय, आणि परीक्षेला मी बसणार...

रंगूबाई : काय म्हणतोय?

दर्शना : तू काय करतेयस, विचारतायत.

रंगूबाई : सांग त्याला, पोरीला भात वाढतेय.