सरांचा खुलासा

दवाखान्यात नंबरची वाट बघताना वार्ताहराने पुढच्या बाकावरचा सरांचा आवाज ओळखला आणि पेपर तोंडासमोर धरला. रविवारच्या सदरात त्याने याच सरांना श्रद्धांजली वाहिली होती. खुलासा लिहून खिशात तयार होता.

"सर, तब्येत छान दिसतेय. पेपरात तर तुम्ही रविवारीच गेलात," सरांशेजारी बसलेला पेशंट म्हणाला.

"गेला तो माझ्या नावाचा दुसराच."

"चौकशी तरी करायची त्याने."

"माझाच विद्यार्थी तो. परीक्षेतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचा."

"मग खुलासा छापायला सांगा की."

"नको हो. ती श्रद्धांजली वाचून एकही माणूस घरी फिरकला नाही. त्याने लिहिलंय म्हटल्यावर सगळ्यांनी मला ठणठणीत धरलं. उद्या त्याने मी जिवंत आहे असं छापलं, तर मात्र दारात माणसं जमतील."