चालू फोन ठेवायचा नाही

— नाही, फोटिस काका, बंद करून परत लावू नका, तेवढं सोडून काहीही करा. गाडीतला बर्फ वितळला तर वितळू दे, पैसे मी भरून देईन. फोन शेजारच्या सीटवर ठेवा, आवाज मोठा करा, मी बोलत राहते — तुम्ही नुसतं हं म्हणा, नाही म्हटलंत तरी चालेल, गाडीचा आवाज येतोय मला. घाबरलेय हे कळतंय का हो आवाजावरून? कळत असणार. ऑफिसात म्हणतात, डेस्पिना किती शांत असते.

का ठेवायचा नाही — सांगते. आपल्या गावाला टॉवर एकच. त्यावर एका वेळी ठरावीकच फोन मावतात. आज मरियमची जत्रा, अथेन्सपासून सगळे घरी आलेत आणि प्रत्येकाला कुणालातरी विचारायचंय, कोकरू भाजून झालं का. नवा फोन लागतच नाही. पण काही जागा आम्ही फोन कंपनीवाले राखून ठेवतो — हायवेवरून बोलत येणाऱ्यांसाठी. न लागलेल्या फोनपेक्षा मधेच तुटलेल्या बोलण्यावर माणूस जास्त चिडतो, असं शिकवतात आम्हाला. म्हणून जो बोलत बोलत टॉवरच्या हद्दीत शिरतो, त्याला जागा मिळते. तुम्ही तसंच शिरायचं. राखीव किती ठेवायच्या, कोण ठरवतं? मीच. म्हणजे मी सुचवते, मंजुरी साहेबांची. मागच्या आठवड्यात वाढवल्या, जत्रेच्या गाड्या येतील म्हणून. आल्या. आता सगळे पोचलेत, हायवे मोकळा, आणि त्या जागा इथे माझ्यासमोर पडद्यावर रिकाम्या पडल्यात — गावातल्या माणसाला देता येत नाहीत. कमी करायच्या तर साहेबांना विचारायला हवं. साहेब त्यांच्या गावी, जत्रेला. त्यांचा फोन लागत नाही. हसा, हसलात तरी चालेल.

आईचा लागला होता एकदा, कसा कोण जाणे. म्हणाली, "मिर्टो तापलीय, डोळे फिरवतेय, तू कर गं फोन" — आणि ठेवला. ठेवला, काका. तिची सवयच ती, एक वाक्य बोलायचं आणि ठेवायचं, पुढचं बिल लेकीला. हातात आलेली जागा सोडून दिली, आणि तेव्हापासून मी लावतेच आहे. रुग्णवाहिकेचा नंबर कसाही लागतो, पण आई तो लावायची नाही — सणाच्या दिवशी परक्यांना कशाला त्रास. मी लावला. निघालेत, पण डोंगरापलीकडून येणार. तोवर आई काय करेल ते मला माहितीय — पोरीला घोंगडीत गुंडाळेल आणि आकडी आली म्हणून दातांत चमचा घालेल. माझ्या भावाला घातला होता, त्याचा पुढचा दात अजून अर्धा आहे. माझी मिर्टो दोन वर्षांची आहे. गुदमरेल ती. तुम्ही सांगून ऐकेल? बर्फवाल्याचं? ती डॉक्टरचं ऐकत नाही. माझंही ऐकत नाही म्हणा, पण मी ओरडले तर — ओरडता येतं का मला, कुणास ठाऊक.

पूल आला? पुढच्या वळणावर टॉवर बदलतो. थांबा, मी गप्प बसते.

— काका?

काका, आहात ना?

आहात. जत्रेतला क्लॅरिनेट ऐकू येतोय. कुणी हात केला तरी थांबू नका, कुणी ताट पुढे केलं तरी. चर्चच्या मागे, निळं दार. ठोकत बसू नका, उघडंच असतं, सरळ आत जा. फोन तिच्या कानाला लावा, हातात देऊ नका — हातात देऊ नका, काका, ऐकलंत ना, ती लगेच —

आई. हो, मीच. चमचा काढ. आधी काढ, मग बोल. घोंगडी काढ, कुशीवर वळव तिला, कुशीवर — आई, मिर्टोचा आवाज का येत नाही? काय? नाही गं, काकांना नाही बिल येत, मी लावलाय, माझ्याच पैशाने चाललाय, ठेवू नको, आई, परत लागणार ना—