मणी सरकेपर्यंत

बायको : डाव्या नाही, उजव्या हातात धरा.

बेकर : उजवा पांघरुणात बरा आहे. माळ म्हणायला डावा चालतो.

बायको : देवाला चालत असेल, मला नाही चालत. काढा तो बाहेर.

बेकर : आधी तो रबरी चेंडू झाला, आता हे! दाबला ना मी चेंडू?

बायको : दाबला? खिडकीतून भिरकावलात! तोही डाव्या हातानं. डॉक्टर घसा फोडून सांगतायत, लुळी पडलेली उजवी बोटं रोज हलवा, हात परत येईल. चेंडू फेकाल, पण देवमातेची माळ फेकायची तुमची छाती नाही. ओळखून आहे मी तुम्हाला.

बेकर : अगं, व्यायामाची वस्तू आहे का ती? माझ्या आईची माळ आहे.

बायको : म्हणून तर तीच आणली.

बेकर : आणि कशाला एवढा आटापिटा? आता एवढ्यात भट्टी विकत घ्यायला गिऱ्हाईक येईल. शब्द दिलाय मी त्याला.

बायको : मला न विचारता दिलात. भट्टी काय तुमच्या एकट्याची?

बेकर : एका हातानं पीठ मळून दाखव, मग बोल.

बायको : दुसराच तर मागतेय! धरा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. हं, असं. अर्धी प्रार्थना मी म्हणते, उरलेली तुम्ही. नमो मरिया...

बेकर : ...आमेन. झाली. पुढची म्हण.

बायको : मणी कुठे सरकला?

बेकर : तू सरकव की.

बायको : मी हातसुद्धा लावणार नाही. तो सरकेपर्यंत याच मण्यावर परत परत म्हणणार.

बेकर : काहीतरीच! एका मण्याला एक प्रार्थना. असा घोळ आजवर कुणी घातला नसेल. फादरांच्या कानावर गेलं तर?

बायको : त्यांना सकाळीच विचारलं. हसले. म्हणाले, मोजायचं काम माऊलीवर सोडा. नमो मरिया...

बेकर : पुरे गं. ती तरी कंटाळेल.

बायको : कोण, ती? लेकरामागे क्रुसापर्यंत चालत गेली. वाटेत कुठे म्हणाली का, बास, दमले मी?

बेकर : मी काय संत लागून गेलोय, तिनं माझ्या बोटांपाशी ताटकळायला?

बायको : संत नाही, पाववाले आहात. तिच्याही घरी पीठ भिजतच होतं ना? पोर देवाचं म्हणून काय त्याला भूक लागत नव्हती? पिठात राबणारे हात तिला चांगले कळतात.

बेकर : माझी बोटं, आणि माझंच ऐकत नाहीत. तू मला घास भरवतेस. लाज वाटते गं.

बायको : वाटू दे. रागवा, रडा, मला चार शिव्या घाला. पण हात परत पांघरुणात घालायचा नाही. रोज पहाटे मी त्या गार भट्टीला हात लावून येते. मला भीती वाटते हो. ती गेली की तुम्ही उठायचंच सोडून द्याल.

बेकर : म्हण. पहिल्यापासून म्हण.

(दारावर थाप पडते.)

बायको : आलं वाटतं तुमचं गिऱ्हाईक.

बेकर : येऊ दे. प्रार्थना अर्धवट सोडू नये. म्हण तू.

बायको : नमो मरिया... अहो!

बेकर : काय झालं?

बायको : सरकला!

बेकर : तू ओढलास.

बायको : माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. बघा ना!

बेकर : खरंच की गं. सरकला.

बायको : रडू येतंय मला. थांबा, तो केव्हाचा दार ठोठावतोय. काय सांगू त्याला?

बेकर : सांग, भट्टीचा मालक कामात आहे. आणि लवकर ये. पुढचा मणी धरून बसलोय मी.